८५ लाख संगणक आणि ड्रायव्हरविना उजळलेला पडदा

फेब्रुवारी २०२४
क्राउडस्ट्राइकच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती येते. तिच्यात एक चूक दडलेली आहे: तपासणीच्या एका नव्या प्रकारात नोंदी २१ ठरवल्या, कोड मात्र २०च पुरवतो. एकविसावी नोंद कुणी वाचायला जात नाही, म्हणून जवळजवळ पाच महिने सारं सुरळीत चालतं.

शुक्रवार, १९ जुलै, सकाळी ९:३९
पुण्याच्या कसबा पेठेतली दुकानं उघडायची वेळ. फाल्कन असलेल्या जगभरच्या विंडोज संगणकांकडे २९१ क्रमांकाची नवी फाइल निघते. ती एकविसावी नोंद तपासायला लावते. फाल्कनचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. त्यानं नसलेली जागा वाचायला घेताच अख्खं विंडोज कोसळतं. निळा पडदा. यंत्र पुन्हा सुरू होतं, पुन्हा कोसळतं.

सकाळी १०:५७
७८ मिनिटांनी कंपनी फाइल मागे घेते. पण सुरू होता होताच कोसळणाऱ्या यंत्राला दुरुस्त फाइल उतरवून घ्यायला उसंत मिळत नाही.

दुपार
देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहिले जातात. उपाय कळलेला असतो: सेफ मोडमध्ये जा, ती फाइल पुसा. त्यासाठी बहुतेक यंत्रांसमोर माणूस बसायला हवा. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल, तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाकायची.

ती की मागणारा पडदा विंडोज सुरू होण्याआधीचा. एनव्हिडिया किंवा एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर तेव्हा त्याच कुलूपबंद डिस्कवर पडून असतो. तरीही अक्षरं दिसतात, कारण ग्राफिक्स कार्डाच्या रॉममध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. वीज येताच मदरबोर्डचं यूईएफआय फर्मवेअर तो चालवतं. मग ‘जीओपी’ या ठरलेल्या पद्धतीनं पडद्यासाठी मेमरीचा एक तुकडा मिळतो. तिथे रंग लिहिला की पडद्यावर ठिपका उमटतो. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतील, तर हा प्रोग्रॅम मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असतो. सेफ मोडमधला विंडोजचा साधा डिस्प्ले ड्रायव्हरही याच मेमरीवर भागवतो. पूर्वी हा किमान आधार आयबीएमच्या १९८७ च्या व्हीजीएचा असे: ६४० बाय ४८०, १६ रंग.

शनिवार, २० जुलै, पहाटे ३
विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागतात. फटका ८५ लाख यंत्रांना बसल्याचा अंदाज त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट जाहीर करते.

यानंतर
फाल्कन मोठ्या संस्था घेतात; कसब्यातल्या डीटीपीच्या दुकानात ते सहसा नसतं. पण बिघडलेला ड्रायव्हर तिथेही येतो, आणि तिथलाही रस्ता सेफ मोडमधूनच जातो. कार्ड घेताना आपण वेग आणि मेमरी विचारतो. संकटात मात्र हाताशी राहते ती पडदा उजळवणारी ही किमान सोय, आणि ती डिस्कबाहेरच हवी: डिस्कच उघडत नसेल, तर तिच्यावर ठेवलेली मदत कुणालाच पोचत नाही.