माफ्राचा राजवाडा आणि कुंभाराचे गाव

वाचकहो, पोर्तुगीज म्हटले की आपल्याला वसईचा किल्ला आणि गोवा आठवतो. पण ज्या राजाच्या अमदानीत, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तो पाचवा जुआंव मायदेशी काय बांधत होता, हे आपल्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. त्यासाठी लिस्बनच्या वायव्येस माफ्रा या गावी चला.

राणीला अपत्य झाले तर मठ बांधीन, असा नवस राजाने केला होता. १७११ मध्ये कन्या झाली आणि १७ नोव्हेंबर १७१७ रोजी पायाचा दगड बसला. बेत होता तेरा साधूंच्या मठाचा. पण ब्राझीलच्या खाणींतून सोने येऊ लागले होते (ते खणणारे हात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते), तसा बेत फुगत गेला. तीनशे साधूंचा मठ, बॅसिलिका, राजवाडा, सुमारे १,२०० दालने! शिल्पकार लुदोविसे हा जन्माने जर्मन. बरोक शैलीतला तो डौल त्याने रोमला शिकून आणलेला.

पुढे राजाला घाई झाली. बॅसिलिकेचा अभिषेक आपल्या वाढदिवशी, २२ ऑक्टोबरला, आणि तोही रविवारीच व्हावा! १७३० साली हा योग होता. पुढचा थेट १७४१ मध्ये. विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब स्वतः करून पाहा. मग देशभरातून माणसे सक्तीने आणली गेली. कामाच्या भरात त्यांची संख्या ४५,००० पर्यंत गेली आणि त्यांच्यावर पहारा ठेवायला ७,००० शिपाई होते. काम चालू असताना १,३८३ माणसे मेली. अभिषेक मात्र ठरल्या दिवशी झाला. या मजुरांची कहाणी पुढे सारामागो यांनी १९८२ च्या कादंबरीत मांडली. १९९८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथील ग्रंथालय मात्र पाहावेच. ८० मीटरहून लांब दालन आणि सुमारे ३६,००० ग्रंथ! रात्री तेथे वटवाघळे फिरतात व ग्रंथांना लागणारी कीड खातात. त्यांना कोणी हाकलत नाही.

५ ऑक्टोबर १९१० रोजी शेवटचा राजा मानुएल याच वाड्यातून निघून एरिसेरा बंदरावरून परदेशी गेला. माफ्राहून एरिसेराला जाताना वाटेत सोब्रेरो लागते. तेथे जुझे फ्रांकू (१९२०–२००९) नावाच्या कुंभाराने साठच्या दशकापासून आपल्या लहानपणीचे खेडे पुन्हा उभारले : पवनचक्की, सुताराचे व न्हाव्याचे दुकान, आणि मातीची चिमुकली घरे व माणसे. त्याला ना सोन्याची खाण होती, ना सक्तीचे मजूर. मला विचाराल तर वाड्यापेक्षा हे गावच मुलांना आधी दाखवावे.

पालकहो, या गावात एक ओळखीचा आवाजही ऐकू येतो. खेड्याला तेथे 'आल्देया' म्हणतात, तो अरबी 'दैआ'. मातीची परात 'आल्गिदार' आणि ऑलिव्हचे तेल 'आझेइत' : अरबी शिकणारे मूल त्यातला 'झैत' लगेच ओळखील. ७११ पासून काही शतके मुसलमानांची सत्ता या भूमीवर होती. ११४७ मध्ये लिस्बन गेले, शब्द राहिले, आणि तेही कुंभाराच्या व तेल्याच्या घरी.

गावातल्या भट्टीत लाकडांवर पाव भाजतात. त्यात सॉसेज भरायची तेथे रीत आहे. ते डुकराचे असते, म्हणून आपण साधाच मागावा. नाव विचारायची गरज नाही. 'पाव' हा शब्द त्यांच्याच बोलीतून आपल्या बेकरीत आला आहे.