१९९८ चं इंजिन, १९९४ चा पंप

आमच्या धंद्यात ‘रोलबॅक’ नावाचा एक शब्द रोजच्या वापरात आहे. नवी आवृत्ती चालू केली आणि काही बिघडलं, तर मुकाट्यानं आधीची परत आणायची. सॉफ्टवेअरमध्ये हे पाच मिनिटांचं काम असतं. लोखंडात तेच करायचं झालं तर?

अमेरिकेत डॉज राम नावाच्या पिकअप ट्रकच्या अनेक मालकांनी ते केलं आहे. १९९८ ते २००२ या काळात आलेल्या त्यांच्या इंजिनांवर संगणकानं चालणारा डिझेल पंप होता. तो काढून त्यांनी त्या जागी १९९४ ते १९९८ दरम्यानचा निव्वळ यांत्रिक पंप बसवला. इंजिन नवं आणि पंप त्याच्या आधीच्या पिढीचा. हा उलटा प्रवास का झाला हे समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. म्हणजे फवारा कधी सोडायचा आणि किती सोडायचा, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळं इंजिन चालतं. मिनिटाला २४०० फेरे घेणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात हे प्रश्न सेकंदाला १२० वेळा पडतात. उत्तर देण्याचं काम पंपाचं.

खुद्द रुडॉल्फ डिझेलला हा भाग नीट सोडवता आला नव्हता. ऑग्सबर्गमध्ये १८९७ साली त्याच्या इंजिनानं चाचणीत सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवली. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात हा आकडा थक्क करणारा होता. पण इंधन आत ढकलायला त्यानं दाबाखालची हवा वापरली. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, तो जागा खाई आणि इंजिनाचीच थोडी ताकद खाई. कारखान्यात आणि जहाजावर हे खपून गेलं, ट्रकमध्ये खपणारं नव्हतं.

रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं १९२२ मध्ये हे काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये पंपांचं नियमित उत्पादन सुरू केलं. दरम्यान इतरही अनेकजण हवेविना फवारा सोडण्याच्या मागे होते. बॉशच्या पंपाची खुबी एका तिरक्या खाचेत आहे. प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा दट्ट्या, म्हणजे प्लंजर. तो दर वेळी सारखाच वर-खाली होतो. पण त्याच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते. प्लंजर स्वतःभोवती किंचित फिरवला की खाच छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते, दाब तिथून निसटतो आणि फवारा थांबतो. सगळे प्लंजर एकाच दांड्यानं फिरतात, आणि तो दांडा तुमच्या पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरचं ऐकतो. प्लंजर आणि त्याचं नळकांडं यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची. या पंपामुळे डिझेल इंजिन रस्त्यावर आलं. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटारही आली.

दांडा फक्त पायाचं ऐकत नाही, त्याच्या दुसऱ्या टोकाला गव्हर्नर असतो. वेग वाढला की फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात आणि दांडा मागे ओढतात. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर वापरलेली ही युक्ती. मॅक्सवेलनं १८६८ मध्ये गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहिला, आणि नॉर्बर्ट वीनरनं १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हे नाव निवडताना त्या निबंधाची आठवण ठेवली. माझ्या धंद्याची एक मुळी अशी डिझेल पंपाच्या पेटीपर्यंत जाते.

आता डॉज रामकडे येऊ. त्यातलं ५.९ लिटरचं इंजिन कमिन्सचं. हीच बी मालिका भारतातही परिचयाची आहे; टाटा कमिन्सनं जमशेदपूरला ती इंजिनं बनवली. डॉजमध्ये ते १९८९ च्या मॉडेलपासून आलं, १६० अश्वशक्तीचं. सुरुवातीला त्यावर बॉशचा व्हीई पंप होता. त्यात एकच प्लंजर फिरत फिरत सहाही सिलिंडरना डिझेल वाटतो.

मग नियम आले. अमेरिकेत मोठ्या डिझेल इंजिनांसाठी काजळीची मर्यादा १९९४ मध्ये दर अश्वशक्ती-तासाला ०.२५ ग्रॅमवरून ०.१० वर आणली गेली. बारीक फवाऱ्याला जास्त दाब हवा, म्हणून पी-७१०० हा सहा प्लंजरचा दणकट पंप आला. १९९८ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ५ वरून ४ ग्रॅमवर आली. आता फवाऱ्याची वेळ क्षणोक्षणी बदलणं गरजेचं झालं. पी-७१०० ला ते जमत नव्हतं. त्याची वेळ बसवतानाच एकदा ठरते. म्हणून व्हीपी-४४ आला, स्वतःच्या डोक्यावर संगणक घेऊन.

या नव्या पंपाची दुखरी बाजू साधी होती. पी-७१०० ला इंजिनाचं ऑइल वंगण म्हणून मिळतं. व्हीपी-४४ चं वंगण आणि गारवा दोन्ही डिझेलमधूनच येतात. टाकीतून डिझेल आणणारा छोटा विजेचा पंप मंदावला, की मोठा पंप कोरडा पडू लागतो. गाडी चालत राहते, पंप आतून झिजत राहतो आणि एक दिवस सगळं थांबतं. तेव्हा हातात येतो एक त्रुटी-क्रमांक आणि एक न उघडता येणारी पेटी.

म्हणून रोलबॅक. पण तो सोपा नाही. पुढचं गिअरचं आवरण आणि पंपाचा गिअर जुन्या इंजिनाचा लागतो. सहा नळ्या नव्यानं बनवून घ्याव्या लागतात. इंजिनातून ऑइलची वाट काढावी लागते. नव्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर फक्त सेन्सर हलवतो, तेव्हा पंपापर्यंत दांडी किंवा केबल ओढावी लागते. डॅशबोर्डचे काटे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स संगणकाशी बोलत असतात, त्यांची समजूत वेगळी घालावी लागते. शेवटी टायमिंग. पंपाचा गिअर निमुळत्या शाफ्टवर केवळ घट्ट बसून राहतो. तिथं तेलाचा ओशटपणा राहिला, तर तो सरकतो आणि सगळी मेहनत वाया.

मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे या पंपाच्या गव्हर्नरमधली एक छोटी पट्टी. कोणत्या वेगाला जास्तीत जास्त किती डिझेल, हे तिच्या कडेच्या वळणानं ठरतं. आम्ही ज्याला लुकअप टेबल म्हणतो, ते इथं पोलादात कापलेलं आहे. कानस असली की बदलता येतं. हायवेच्या कडेला ‘पंप-नोझल’ अशी पाटी लावून बसलेले आपले मिस्त्री हीच विद्या जाणतात. नाशिकच्या मायको सर्कलला नाव देणाऱ्या कारखान्यानं तिला लागणारी नोझलं बनवली.

इथंच मला थांबावंसं वाटतं. कानस चालवणारा बहुतेक वेळा डिझेल वाढवण्यासाठीच चालवतो, आणि मग गाडीमागे काळा लोट उठतो. १९९८ च्या संगणकाला जी मर्यादा पाळायची होती, ती पी-७१०० बसवणाऱ्याच्या हिशोबातून गायब होते. अमेरिकेतल्या हवाशुद्धी कायद्यानं उत्सर्जनासाठी प्रमाणित केलेल्या यंत्रणेत असा फेरफार करायला मनाई आहे, ती उगाच नाही. तो धूर गाडीच्या मालकापेक्षा मागून चालणाऱ्याच्या छातीत जास्त जातो.

तरीही त्या मालकांवर हसावंसं वाटत नाही. ते संगणकावर चिडलेले नव्हते. बिघडलं तर उघडून पाहता येईल अशी वस्तू त्यांना हवी होती. नव्या पंपानं हवा थोडी स्वच्छ केली, पण दुरुस्तीचं ज्ञान त्यांच्या हातून काढून घेतलं. जुन्यानं ते परत दिलं आणि धूर वाढवला. दोन्ही गोष्टी एकत्र देणं अशक्य होतं असं मला वाटत नाही. फक्त पेटी बंद करणाऱ्यांना त्याची गरज भासली नाही. त्या पेट्यांच्या आतलं आता माझ्यासारखे लोक लिहितात. रोलबॅकचं बटण दाबताना हल्ली मला तो निमुळता शाफ्ट आठवतो.