चित्रात एक, चित्राबाहेर अनेक

दरसाल २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, श्रीनिवास रामानुजन यांची मुद्रा देशभर भिंतीभिंतीवर झळकते. चेहरा तोच, मागचा पडदा मात्र कधी निळा, कधी सूत्रांनी भरलेला. संगणकावर आकृतीची कड आखावी, आतले ठेवावे, बाहेरचे पुसावे, की माणूस हव्या त्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. कुंभकोणमात वाढलेल्या या गणितज्ञाच्या बाबतीत ही कात्री नेमके काय कापते, ते पाहणे उद्बोधक होईल.

रामानुजनांची छायाचित्रे मोजकीच आहेत. १९३६ मध्ये प्रा. हार्डी यांच्या सांगण्यावरून सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी हिंदुस्थानात शोध केला, तेव्हा रामानुजनांच्या पत्नी जानकी अम्माळ यांजपाशी मिळाले ते पारपत्रावरील छायाचित्र. १९४० साली ते हार्डींच्या ग्रंथात छापले गेले. पुढे शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांच्या अर्धपुतळ्यासही तेच आधारभूत झाले. पारपत्राचे चित्र मुळातच एकाकी असते. ओळख पटण्यापुरता चेहरा, बाकी सारे वर्ज्य.

दुसरे प्रसिद्ध छायाचित्र केंब्रिजच्या सिनेट हाउसबाहेरचे. त्यात रामानुजन मध्यभागी असून एका टोकाला हार्डी आहेत आणि इतरही विद्वान आहेत. त्यातून एकटे रामानुजन कापून घेतले, की पानाची गरज भागते. परंतु पाहणाराच्या मनावर ठसते ते असे, की हा पुरुष शून्यातून अवतरला.

वस्तुस्थिती निराळी आहे. सारंगपाणी संनिधी रस्त्यावरील ते लहानसे घर, कापडदुकानात कारकुनी करणारे वडील, गावचे टाउन हायस्कूल, आणि गणितापायी इतर विषय मागे पडल्यामुळे जेथली शिष्यवृत्ती गेली ते सरकारी कॉलेज, हे सारे कुंभकोणमचेच. पुढे दरमहा २५ रुपये देणारे दिवाणबहादूर रामचंद्र राव भेटले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तेथील नारायण अय्यर त्यांच्यासमवेत गणित करीत बसत. त्यांचा पहिला लेख १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते, हे आम्हां मराठी वाचकांनी विसरू नये.

कड आखण्याच्या कलेला आमचा विरोध नाही. वगळलेला भाग नष्ट न करता नुसता झाकून ठेवण्याची सोयही आता संगणकात आहे, आणि कचेरीत आयुष्य काढणारांस ती सहज पटावी. आम्ही टिपणी वेगळी लिहितो. मूळ कागद फायलीतून काढीत नाही. छायाचित्रासही हाच दंडक लावावा. मूळ प्रत अखंड राखावी, कापलेल्या चित्राखाली ‘समूहचित्रातून’ एवढा एक शब्द लिहावा. ज्यांच्या खांद्यांवरून कात्री फिरली, त्यांचे तेवढे देणे तरी आपण लागतो.