रेशन दुकानात बोटाचा ठसा जुळला नाही तर काय करावे?

रेशन दुकानातील ई-पॉस मशीन आधारच्या मदतीने लाभार्थ्याची ओळख पटवते. कष्टाच्या कामाने बोटे झिजली असतील, वय झाले असेल किंवा नेटवर्क नसेल, तर खऱ्या लाभार्थ्याचाही ठसा जुळत नाही. केवळ या कारणाने धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना तशा सूचना दिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या आधार निकालात हेच स्पष्ट केले आहे.

काय करावे?

- दुसऱ्या बोटाने पुन्हा प्रयत्न करा. सोय असल्यास डोळ्यांचे स्कॅन किंवा ओटीपीचा पर्याय मागा.
- तरीही जुळले नाही, तर शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवा, नोंदवहीत नोंद करायला सांगा आणि धान्य घ्या.
- पावती घ्या व वजन तपासा. धान्य हातात मिळणार नसेल, तर मशीनवर अंगठा देऊ नका.
- आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या.

तक्रार कोठे करावी?

रेशन हेल्पलाइन १९६७ वर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. त्यांच्या निर्णयाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते.