नाणी व पदके : दिल्लीच्या इतिहासाची साधने

दिल्लीच्या राजवटींचा इतिहास नाण्यांवरून वाचण्याची अभ्यासपद्धती. मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला लक्ष्मी व दुसऱ्या बाजूला नागरीत त्याचे नाव आहे. विजेत्याने लोकांच्या ओळखीचे चलन चालू ठेवल्याचा हा पुरावा बखरींपेक्षा बोलका ठरतो. पुढे सुलतान इल्तुतमिशने टंक हे चांदीचे नाणे रूढ केले.

मुहम्मद तुघलकाने सुमारे १३३० मध्ये तांबे-पितळेची नाणी चांदीच्या टंकाच्या भावाने चालवली. घरोघर खोटी नाणी पडू लागली आणि योजना मागे घ्यावी लागली. त्यांवरील लेखात सुलतानाची आज्ञा पाळण्याचे आवाहन आहे. धातूची किंमत नसली की हुकुमाचा आधार घ्यावा लागतो, हे तिथे उघड दिसते. तुघलकाच्या आधीच दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरूने द्रव्यपरीक्षा या ग्रंथात आपल्या काळातील नाण्यांचे वजन व कस नोंदवले होते. संग्राहकाने तो वाचायलाच हवा.

नाण्यावरील नावावर विसंबून मात्र चालत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीची सत्ता महादजी शिंद्यांच्या हाती होती, तरी रुपये मुघल बादशहा शाह आलमच्याच नावाने पडत राहिले.

१९११ च्या दिल्ली दरबाराच्या पदकावर दर्शनी बाजूस पंचम जॉर्ज व राणी मेरी, तर मागे फारसी लेख आहे. मुघल दरबाराची भाषा ब्रिटिशांनी अशी आपलीशी केली.

आज दिल्लीशेजारच्या नोएडाच्या टांकसाळीत १९८८ पासून नाणी पडतात. सालाखालचा ठिपका ही तिची खूण. नवशिक्याने सुट्ट्या पैशांतूनच सुरुवात करावी.