विधिमंडळ प्रतिनिधी व लोकसंपर्क, पनवेलमधील

विधिमंडळात निवडून गेलेल्या सभासदाने तेथे होणाऱ्या कायद्यांची, शासकीय निर्णयांची व योजनांची माहिती आपल्या मतदारांपर्यंत पोहोचविणे आणि मतदारांचे म्हणणे सभागृहात मांडणे, ही प्रातिनिधिक राज्यपद्धतीतील एक अलिखित जबाबदारी होय. विधानसभेची नियमावली सभागृहातील कामकाजापुरती असते. सभासदाने गावी परतल्यावर काय सांगावे, हे ती ठरवीत नाही. रायगड (१ जानेवारी १९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्यातील पनवेल परिसरात मात्र या जबाबदारीला असाधारण महत्त्व प्राप्त झाले. येथील शेतकऱ्याची जमीन एका पिढीच्या काळात दोनदा कायद्याच्या कलमांवर अवलंबून राहिली. पहिल्या वेळी ती मिळण्याचा प्रश्न होता, दुसऱ्या वेळी ती जाण्याचा. दोन्ही प्रसंगी कायद्यातील मुदत कोणाला कळली व कोणाला कळली नाही, यावर पुष्कळ काही ठरले.

ब्रिटिश अमदानीत मुंबई विधिपरिषदेतील निर्णय आणि गाव यांत मोठे अंतर होते. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी विधिपरिषदेत संमत करून घेतलेला ठराव हे त्याचे ठळक उदाहरण. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा हा ठराव होता. कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने पुढे त्याला अनुसरून स्वतःचा ठरावही केला. परंतु चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात घेण्यासाठी मार्च १९२७ चा सत्याग्रह व्हावा लागला. ठराव छापला जाणे आणि तो लोकांच्या हाती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जिल्ह्याने अशा प्रकारे लवकरच अनुभवले. त्याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालविला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे कोकणातील या चळवळीचे बळ होते. शेतकरी चळवळीचे मुखपत्र म्हणून ओळखले जाणारे अलिबागचे *कृषीवल* हे पत्र याच परंपरेतील असून पुढे शेतकरी कामगार पक्षाचा विचार जिल्ह्यात पसरविण्याचे ते प्रमुख साधन ठरले.

स्वातंत्र्योत्तर काळातील कूळकायद्याने माहितीचे महत्त्व प्रथम घरोघर जाणवून दिले. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारे कूळ हे तिचे मानीव खरेदीदार झाले. ऐकावयास हे सोपे वाटते. तथापि कलम ३२-ग अन्वये शेतजमीन न्यायाधिकरणाने कुळाला नोटीस काढून त्याचे म्हणणे नोंदवावयाचे होते. कूळ हजर राहिले नाही, किंवा खरेदी करण्यास आपण राजी नाही असे त्याने सांगितले, तर खरेदी निष्फळ ठरविण्याची तरतूद त्यातच होती. मालकाच्या दडपणाखाली वा अज्ञानाने दिलेला एक जबाब कुळाची जमीन घालविण्यास पुरेसा होता. अशा वेळी ‘तारखेला हजर राहा आणि जमीन घेतो म्हणून सांगा’ एवढे वाक्य गावोगाव पोहोचविणे हे कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोलाचे काम होते.

त्याच वर्षी, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या लाटेत झालेल्या निवडणुकीत, दिनकर बाळू ऊर्फ दि. बा. पाटील (१३ जानेवारी १९२६–२४ जून २०१३) हे शेतकरी कामगार पक्षातर्फे पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. उरण तालुक्यातील जासई हे त्यांचे जन्मगाव व वकिली हा पेशा. १९५७, १९६२, १९६७, १९७२ व १९८० अशा पाच वेळा ते पनवेलचे आमदार झाले. १९७७ व १९८४ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९७२–७७ या काळात ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. वकिलाला कायद्याची भाषा कळते आणि शेतकऱ्याच्या मुलाला ती गावच्या भाषेत सांगता येते; त्यांच्या प्रभावाचे रहस्य बहुतांशी या दुहेरी जाणकारीत शोधावे लागते.

त्या काळातील आमदाराच्या हाती असलेली साधने मर्यादित होती. सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, स्थगन प्रस्ताव. सभागृहाबाहेर वृत्तपत्र, पत्रक आणि सभा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने दिलेले उत्तर हे शासनाचे अधिकृत म्हणणे असल्यामुळे गावाला त्याचा उपयोग पुराव्यासारखा होई. राज्यघटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३६१-अ मुळे विधिमंडळाच्या कामकाजाचे खरे वृत्त प्रसिद्ध करणाऱ्या वृत्तपत्रास संरक्षण मिळाले. जिल्हा पत्रांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होय. राहता राहिला प्रवास. १९८१ मध्ये नरिमन पॉइंट येथील विधानभवन सुरू होईपर्यंत विधानसभा अपोलो बंदराजवळील जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणे शक्य होते. पनवेलहून मोटारीने जावयाचे तर ठाण्याचा वळसा पडे. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, तेव्हा हे अंतर तुटले. मात्र ज्या पुलाने आमदाराला मतदारसंघाजवळ आणले, त्याच पुलावरून नवे शहर त्या मतदारसंघात शिरले.

मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची योजना शासनाने स्वीकारली. त्यासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांची जमीन संपादन करण्याची प्राथमिक अधिसूचना फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली आणि शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. म्हणजे संपादनाची अधिसूचना आधी व शहर बांधणारी संस्था नंतर, असा हा क्रम होता. योजनेत अखेर ९५ गावे आली व तिचे क्षेत्र ३४४ चौ. किमी. झाले. भातखाचरे, मिठागरे, खाडीकिनाऱ्यावर बांध घालून पिकाखाली आणलेल्या खारजमिनी व मासेमारी यांवर जगणारा आगरी, कोळी, कऱ्हाडी इ. समाज या पट्ट्यात राहत होता.

संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली होते. त्याचे टप्पे सर्वसामान्य वाचकास रूक्ष वाटतील. परंतु पनवेलचा इतिहास त्यांतच दडलेला आहे. कलम ४ ची अधिसूचना शासकीय राजपत्रात येई आणि तिचा मथितार्थ गावातील सोयीच्या ठिकाणी लावला जाई. कलम ५-अ खाली हरकत घेण्यास तीस दिवस मिळत. त्यानंतर कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस व कलम ११ चा निवाडा. निवाडा मान्य नसेल तर कलम १८ अन्वये प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करता येई. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत होती. यापेक्षाही सूक्ष्म अट कलम ३१ मध्ये होती : मोबदल्याची रक्कम हरकत न नोंदविता स्वीकारली, तर कलम १८ चा अर्ज करण्याचा हक्क संपुष्टात येई. ‘अंडर प्रोटेस्ट’ हे दोन शब्द सहीजवळ लिहिले की नाहीत, यावर कुटुंबाची वाढीव मोबदल्याची आशा अवलंबून होती. 

याहून गंभीर बाब किमतीची. कायद्यानुसार बाजारभाव हा कलम ४ च्या अधिसूचनेच्या तारखेचा धरला जाई. त्यामुळे फेब्रुवारी १९७० मध्ये चावडीवर काय लागले हे ज्याने वाचलेही नव्हते, त्याच्या जमिनीची किंमत त्याच दिवशी गोठली. अनेक गावांचे निवाडे १९८६ मध्ये झाले. मधल्या सोळा वर्षांत शेजारी शहर उभे राहिले, जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढले आणि निवाड्यातील दराचा आधार मात्र १९७० चाच राहिला. मूळ अधिसूचनेला वृत्तपत्रांतून प्रसिद्धी देण्याचे बंधन तेव्हा कायद्यात नव्हते. दोन दैनिकांत, त्यांपैकी किमान एक प्रादेशिक भाषेतील, अशी प्रसिद्धी १९८४ च्या दुरुस्तीने अनिवार्य केली. या भागातील शेतकऱ्यांना ती चौदा वर्षे उशिरा आली.

मोबदल्याविरुद्धचा असंतोष सभागृहातील भाषणांतून व्यक्त होत होता, तसाच गावबैठकांतूनही. देवळासमोर किंवा शाळेच्या आवारात भरणाऱ्या बैठकीत शासनाचा प्रस्ताव, देऊ केलेला दर आणि आपली मागणी समजावून सांगितली जाई व तेथील निर्णय पुढाऱ्यांवरही बंधनकारक मानला जाई. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलन जानेवारी १९८४ मध्ये शिगेला पोहोचले. १६ व १७ जानेवारी रोजी उरण तालुक्यातील जासई–नवघर परिसरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. जासई येथे दरवर्षी हुतात्मादिन पाळला जातो. त्याच वर्षाअखेर पाटील लोकसभेवर निवडून गेले.

संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास परत देण्याची योजना ही या आंदोलनाची फलश्रुती मानली जाते. तिचा निर्णय १९९० मध्ये झाला व १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. ‘साडेबारा टक्के’ ही संज्ञा परिसरात घरगुती झाली. प्रत्यक्षात या साडेबारांतून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होत असल्याने हाती पावणेनऊच येतात. मोबदला स्वीकारताना पालन न झालेल्या अटी, वारसांची नोंद, गावठाणाभोवतीची गरजेपोटी बांधलेली घरे यांवरून निर्माण झालेले वाद पुढे दीर्घकाळ चालले. योजनेची पात्रता समजावून सांगणारा कार्यकर्ता व खातेदाराचा हक्क स्वस्तात विकत घेणारा दलाल, हे दोघेही त्याच अंगणात येत. शेतकऱ्याला आधी कोण भेटला, यावर पुष्कळदा भूखंडाचे भवितव्य ठरे.

महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रस्तावाच्या वेळी परिस्थिती काही अंशी पालटलेली दिसते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये अस्तित्वात आला होता आणि पेण, पनवेल व उरण या तालुक्यांतील शेतकरी संपादनाचे टप्पे आता वडिलांच्या अनुभवावरून जाणत होते. एन. डी. पाटील यांच्यासमवेत वृद्धापकाळातील दि. बा. पाटीलही या विरोधात होते. शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल मतपत्रिकेद्वारे घेतला. संपादनापूर्वी सर्वेक्षण व सुनावणी आवश्यक ठरविणारा नवा भूसंपादन कायदा २०१३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. त्यापूर्वी काही महिने पाटील यांचे निधन झाले होते. नवी मुंबई येथील विमानतळास त्यांचे नाव द्यावे यासाठी २०२१ मध्ये या भागात मोठे आंदोलन झाले व २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला.

मतदारसंघांच्या २००८ मधील पुनर्रचनेनंतर उरण हा स्वतंत्र मतदारसंघ झाला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेचे १ ऑक्टोबर २०१६ रोजी आसपासची गावे व सिडको वसाहतींसह महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०२४ च्या निवडणुकीत पनवेल विधानसभा मतदारसंघातील मतदारसंख्या सहा लाखांच्या पुढे होती. खारघर, कामोठे, कळंबोली येथील सदनिकाधारकांचे प्रश्न पाणी, सेवाशुल्क व मालमत्ता कराचे. जुन्या गावठाणांतील प्रश्न अद्याप भूखंडाचे व घरे नियमित करण्याचे. एकाच आमदाराला या दोन्ही श्रोत्यांशी बोलावे लागते, आणि गावठाणातील बैठक आजही बहुधा देवळासमोरच भरते.