मंडपेश्वरचे फ्रान्सिस्कन

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना दिली. पाठोपाठ आलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांत अंतोनिओ दो पोर्तो हे नाव ठळक आहे. १५४० च्या दशकात त्यांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातल्या जोग्यांना हुसकून लेण्याचं चर्च केलं. लेण्याच्या माथ्यावर मठ आणि नवख्रिस्ती अनाथ मुलांसाठी विद्यालय उभं राहिलं. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या हुकमाने लेण्यातल्या शिवमंदिराच्या जमिनींचं उत्पन्न इकडे वळवलं गेलं.

ज्या संघाच्या नियमात पैशाला हात लावायलाही मनाई, त्याचा संसार असा राजाच्या हुकमावर चालला. त्यातून अनाथ पोरांना अन्न आणि अक्षर मिळालं, हे मला मोलाचं वाटतं. पण तो पैसा कुठून आला, हेही त्याच दमात सांगायला हवं.

हे सारं कळतं ते दोघांमुळे. गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख दिओगो दो कोउतो याने पोर्तो यांची जवळच्या कान्हेरी लेण्यांतली गोष्ट लिहून ठेवली आहे. शिधा आणि दोर घेऊन ते माणसांसह भुयारात शिरले, सात दिवस चालले आणि टोक न सापडताच परतले. एवढं लांब भुयार आज कान्हेरीत दिसत नाही. तरी लेण्याच्या पोटात शिरून पाहण्याचं कुतूहल या माणसाला होतं, एवढं मी त्यातून घेतो.

दुसरा, मकावमध्ये जन्मलेला फ्रान्सिस्कन पावलो द त्रिंदादे. त्याने १६३० च्या दशकात, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी लिहिलं. आपला संघ धर्मप्रसारात मागे नव्हता, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यामुळे त्याच्याकडची धर्मांतरांची वर्णनं जपूनच वापरावी लागतात.

कागद अपुरे पडतात तिथे कातळ बोलतो. मंडपेश्वर लेण्यातल्या एका शिल्पपटाच्या जागी मोठा क्रूस कोरलेला आहे. नटराजाचा पट भग्न असला तरी ओळखू येतो.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि फ्रान्सिस्कनांचं इथलं पर्व संपलं. आज मंडपेश्वरच्या माउंट पॉइन्सर टेकडीवर फ्रान्सिस्कन ब्रदर्सची शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर लेणं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. लेण्यातून हुसकल्या गेलेल्या जोग्यांची बाजू मात्र कोउतोकडेही नाही आणि त्रिंदादेकडेही नाही.